पंप उतरवण्याआधी: टर्बो गाडीला इंधन नेमकं कुठे कमी पडतंय?

गाड्यांच्या कामात येण्याआधी अकरा वर्षं मी पाण्याचे पंप दुरुस्त करत होतो. त्यामुळे माझी पहिली टर्बो गाडी दम टाकायला लागली तेव्हा वाटलं, पंप म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर), पंप टाकीत, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की साडेतीन हजार आरपीएमपर्यंत गाडी सुसाट, आणि चार हजाराला मागून कुणी दोर लावून धरल्यासारखी. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, मात्र अगदी साळसूद. मी पंप बदलला. फरक शून्य. नवाच पंप खराब निघाला असेल म्हणून आणखी एक आणला. तरी तेच. शेवटी दोष सापडला तो बोटभर लांबीच्या एका रबरी नळीत. ती बदलली, सगळ्यात पहिला जुना पंप परत टाकीत टाकला, आणि गाडी त्याच पंपावर पुढे चार वर्षं पळाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही दोनदा. त्यानंतर मी तपासणीचा एक क्रम धरला आणि आजही तोच वापरतो. खाली जे सांगतोय ते पेट्रोल टर्बो गाड्यांचं आहे. डिझेलचा हिशेब वेगळा.

हेड वाढलं की डिस्चार्ज पडतो

विहिरीवरचा पंप ज्याने हाताळलाय त्याला हे सांगावं लागत नाही: पाणी जितकं उंच चढवायचं (हेड) तितकी धार (डिस्चार्ज) बारीक होते. गाडीच्या टाकीतला पंपही ह्याच नियमाने चालतो, फक्त उंचीच्या जागी दाब धरायचा.

माझ्या गाडीसारख्या रचनेत रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, एक प्रेशर रेग्युलेटर असतो. रेलमधला दाब आणि मॅनिफोल्डमधला दाब ह्यांच्यातला फरक कायम ठेवणं एवढंच त्याचं काम. पुष्कळ गाड्यांत हा फरक ३ बार असतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, समजा ०.६ बार, म्हणून गेजवर २.४ दिसतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बंद केली की गेज ३ वर येतो. आणि टर्बोने ०.८ बार बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, दिला की रेलला ३.८ लागतो, कारण इंजेक्टरच्या तोंडाशी आता उलटा रेटा आहे.

आता बघा, आयडलला पंपाला सगळ्यात कमी दाब द्यायचा असतो आणि पेट्रोलही चिमूटभरच. पूर्ण बूस्टवर दाब सगळ्यात जास्त आणि पेट्रोलही सगळ्यात जास्त, दोन्ही एकाच वेळी. बिनटर्बोच्या गाडीत झिजलेला पंप वर्षभर खपून जातो. टर्बोत तो चार हजार आरपीएमला पकडला जातो. म्हणूनच "आयडलला प्रेशर बघितलं, ओके आहे" हे वाक्य मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

कमी दाबाने किती बिघडतं? इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. फरक ३ वरून २.४ झाला तर पेट्रोल जवळपास ११ टक्के कमी जातं. ऐकायला थोडं वाटतं. पण पूर्ण बूस्टवर १२ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं मिश्रण असेल तर ते १३.४ वर जातं. त्या तापमानाला आणि त्या दाबाला लीन (पेट्रोल कमी पडलेलं) मिश्रण म्हणजे नॉकिंग, सिलिंडरमध्ये अवेळी होणारे स्फोट, आणि नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनचा माथा किंवा रिंगांमधली जागा तुटते. म्हणून लक्षण कळल्यापासून तपास पूर्ण होईपर्यंत पाय हलका ठेवायचा. सौम्य चालवली तर गाडी घरी येते.

गाडी काय सांगतेय ते ऐका

पेट्रोल कमी पडलं की गाडी मऊ पडते, दम लागलेल्या माणसासारखी. जोर ओसरतो, पाय सैल केला की सावरते. स्पार्क तुटला तर ती ठसकते, झटके देते, मधेच सायलेन्सरमधून फटका येतो. बूस्टखाली सिलिंडरमधली हवा दाट असते, त्यामुळे प्लगचा गॅप जास्त असेल किंवा कॉइल अशक्त असेल तर ठिणगी नेमकी तिथेच विझते. लोक ह्यालाही "पंप गेला" म्हणतात. दोन्ही वेळा तक्रार एकच असते: पिकअप नाही.

बूस्ट किती येतोय ते बघा. बूस्ट पूर्ण येतोय आणि तरी ओढ नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क. बूस्टच येत नसेल तर आधी इंटरकूलरचे होज, क्लॅम्प, वेस्टगेट (बूस्ट आवरणारा व्हॉल्व्ह) बघा. एक गोम आहे: नव्या गाड्यांत ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) नॉकिंग किंवा कमी दाब दिसला की तो स्वतःच बूस्ट कापतो, त्यामुळे कमी बूस्ट कधी कारण असतं, कधी परिणाम.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, पण किल्ली दोन-तीनदा ऑन करून, दर वेळी दोन सेकंद थांबून मग मारला तर लगेच चालू होते? पंपाच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. आमच्या भाषेत फूटव्हॉल्व्ह गेला. रात्रभरात लाइन रिकामी होते आणि पंपाला ती पुन्हा भरावी लागते. इंजेक्टर गळत असेल तरी असंच होतं, पण तेव्हा चालू होताना पेट्रोलचा वास आणि काळा धूर असतो.

टाकी पाव भागाच्या खाली गेल्यावर वळणावरच गाडी अडखळते, टाकी भरली की बरी होते, तर पंपाच्या भांड्यात पेट्रोल ओढून आणणारा जेट पंप किंवा ते भांडंच बघा. अर्धा-पाऊण तास चालल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट चालू होते, तर पंपाच्या मोटरवर माझा संशय वाढतो. पंप सभोवतालच्या आणि आतून वाहणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहतो. सतत काटा तळाला ठेवून गाडी चालवणारे पंपाला तापवत असतात.

आवाजाचं म्हणाल तर हलकी गुणगुण सगळेच पंप करतात. नवीन आलेली, चढत्या सुराची किणकिण मात्र महत्त्वाची. बहुतेक वेळा तिचा अर्थ पंप खालच्या जाळीतून ओढतोय आणि पेट्रोल पुरेसं मिळत नाही असा असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एक फुकटची चाचणी लोक विसरतात: लक्षण आलं की सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी काही काळ नीट पळाली, तर टाकीची हवा येण्याची वाट तुंबली आहे.

आग लागू नये म्हणून

टर्बोचं टर्बाइन हाऊसिंग जोरात चालवून आलेल्या गाडीत कित्येक शे अंशांवर असतं. पेट्रोल ठिणगीशिवाय पेट घ्यायला त्याहून बरंच कमी तापमान पुरतं. तेव्हा गरम इंजिनावर इंधनाची लाइन उघडायची नाही. गाडी पूर्ण गार, उघड्या हवेत. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. तरीही नट सोडताना भोवती फडकं गुंडाळायचं आणि डोळ्यांना चष्मा लावायचा. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, डिकीत नव्हे. साधा बल्ब लावलेला हँड लॅम्प नको. तो फुटला की काम तमाम.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत हाय प्रेशर बाजूच्या पाइपला हात लावायचा नाही. २०० बारची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते, आणि तेव्हा दुखतही नाही, म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा जातो.

स्कॅनर

ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या निदानाच्या सॉकेटला, साधा स्कॅनर लावा. पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी, पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी ०२३० म्हणजे पंपाच्या सर्किटमध्ये गडबड. ह्यातला एकही कोड "पंप बदला" असं म्हणत नाही, हे पाठ करून ठेवा.

कोडपेक्षा मला फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते आकडे, जास्त सांगतात. इंजिन गरम झाल्यावर आयडलला आणि मग सपाट रस्त्यावर, सौम्य चढावर लाँग टर्म ट्रिम टिपून घ्या. अधिक १० पर्यंत मी फारसं लक्ष देत नाही. आयडलला अधिक १८ आणि २,५०० आरपीएमला अधिक ४ असेल तर कुठूनतरी हवा आत जातेय. पंपाचा संबंध नाही. आयडलला ठीक आणि भार वाढेल तसा आकडा चढत जातो, तर पेट्रोल पुरत नाही. मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत टर्बोपुढचा होज फुटला तर उलटं होतं: मोजलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडतं, बूस्टखाली गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन काळा धूर सोडते.

एवढं खरं की बऱ्याच गाड्यांत पाय पूर्ण दाबल्यावर ईसीयू ट्रिम लावणं थांबवतो. नेमक्या आजारी क्षणी ट्रिमचा आकडा गप्प. तिथे वाइडबँड लॅम्डा मीटर लागतो; तो मिश्रण मोजतो, १ म्हणजे बरोबर मिश्रण, त्याखाली रिच, वर लीन. पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.७८ ते ०.८५ च्या आसपास हवा. आरपीएम चढताना तो ०.९ कडे सरकायला लागला की लगेच पाय काढा. आणखी वर जाऊन खात्री करून घ्यायची गरज नाही.

गेज लावून

इथे वेळ घालवा. रेलवर टेस्ट व्हॉल्व्ह असेल तर गेज तिथे, नसेल तर फीड लाइनमध्ये टी जोडून. गेज ७ किंवा १० बारचा घ्या. होज इंधनासाठीच बनवलेला हवा. पाण्याचा किंवा हवेचा होज पेट्रोलने फुगतो.

पहिलं, किल्ली ऑन. दाब लगेच चढायला हवा. दुसरं, आयडल: माझ्या गाडीत २.४. तिसरं, रेग्युलेटरची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं: ३.०. नळी काढताना आत पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. चौथं, इंजिन बंद करून दहा मिनिटं बघा. गेज हळूहळू थोडा उतरला तर चालतं, धाडकन पडला तर कुठेतरी गळती आहे. फीडच्या रबरी भागाला क्लॅम्प लावून पुन्हा करा. आता दाब टिकला तर पंपाचा व्हॉल्व्ह, नाही टिकला तर रेग्युलेटर किंवा इंजेक्टर. प्लॅस्टिकच्या लाइनला क्लॅम्प लावू नका, ती चिरते.

पाचवी चाचणी मला सगळ्यात प्रिय. इंजिन आयडलला ठेवून रेग्युलेटरच्या नळीच्या जागी गेज असलेला छोटा हातपंप लावायचा आणि हळूहळू ०.८ बार हवा भरायची. रेलचा दाब बरोबर तेवढाच चढायला हवा, ३.० वरून ३.८. म्हणजे गाडी जागेवर उभी असताना रेग्युलेटरला बूस्टचा भास द्यायचा. चढला तर रेग्युलेटर शाबूत. पण पंप पास झाला असं समजू नका. इंजिन अजून आयडलचंच पेट्रोल पितंय.

मग रस्ता. एक जण चालवणार, दुसरा वाचणार. एकट्याने दोन्ही करू नये. गेजचा होज टर्बोपासून आणि वायपरपासून लांब, नीट बांधून, गेज काचेच्या बाहेर. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये घ्यायची नाही. मोकळा सरळ रस्ता, तिसरा गिअर, २,००० पासून पूर्ण पाय, वेगमर्यादेच्या आत जिथवर जाता येईल तिथवर. डायनो (गाडी रोलरवर पळवून मोजणारं यंत्र) मिळाला तर फारच उत्तम. वाचणाऱ्याने बूस्ट आणि रेल दोन्ही आकडे मोठ्याने म्हणायचे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं. खणखणीत आवाजात "पॉइंट आठ, तीन दोन" असं ऐकलं की नंतर वाद उरत नाही.

आता ह्यातलं मर्म. बूस्ट चढतोय आणि रेलचा दाब मुळात चढतच नाही, ३ च्या आसपास ठाण मांडून बसतो, तर पंप निर्दोष आहे. रेग्युलेटरला बूस्टची खबरच पोचत नाही. उलट, दाब बूस्टबरोबर आधी नीट चढतो, ३.५, ३.७, आणि मग आरपीएम वाढताना खाली घसरायला लागतो, तर मागून माल कमी येतोय: पंप, फिल्टर, जाळी किंवा करंट.

माझ्या गाडीत गेज ०.८ बूस्टला ३.२ वर थांबला होता. दोन पंप बदलण्याआधी हा एक आकडा बघितला असता तर! रेग्युलेटरला जाणारी नळी टोकाला, खालच्या अंगाने चिरली होती. आयडलला व्हॅक्यूम तिला निपलवर घट्ट चिकटवून ठेवायचा, म्हणून तिथे सगळं ठीक. बूस्ट आला की चीर उघडायची आणि अर्धीअधिक हवा बाहेर. वरून बघितली तर नळी नवीकोरी.

मापाने मोजा

दाब घसरतोय हे दिसलं, तर आता डिस्चार्ज. गाडीला रिटर्न लाइन असेल तर ही चाचणी घरच्या घरी होते. इंजिन बंद आणि गार. बॅटरीला चार्जर लावा, नाहीतर पंपाला १२ व्होल्टच मिळतील आणि बिचारा उगाच नापास होईल. रेग्युलेटरच्या पुढची रिटर्न नळी धातूच्या कॅनमध्ये सोडा, कॅन जमिनीवर ठेवा आणि तारेने बॉडीला जोडा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. पंप रिलेच्या जागी फ्यूज असलेली जंपर वायर लावून ३० सेकंद चालवा आणि माप घ्या. मग रेग्युलेटरला हातपंपाने ०.८ बार देऊन पुन्हा ३० सेकंद.

दुसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि टर्बोसाठी तेच खरं. माझा शाबूत पंप ३.० बारला १.१५ लिटर आणि ३.८ ला ०.९५ लिटर देतो. नंतर एकदा खरोखर झिजलेला पंप हाती आला, त्याने ३.० ला ०.९ दिलं; चांगलं वाटलं. ३.८ ला जेमतेम ०.४.

किती पुरेसं? २०० अश्वशक्तीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात तासाला सुमारे ७३ लिटर लागतात, म्हणजे ३० सेकंदांना ०.६ लिटर. त्यावर थोडी शिल्लक हवी. आपल्या इंजिनाच्या ताकदीप्रमाणे त्रैराशिक मांडा. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण जास्त असेल तर गरज आणखी वाढते, कारण इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त मात्रा लागते.

पंपाला करंट पोचतोय का

माप कमी आलं म्हणून लगेच पंप उतरवू नका. टाकीवरच्या कनेक्टरला मागून मल्टीमीटरच्या पिना घालून, पंप चालू असताना व्होल्टेज बघा. कनेक्टर सुटा करून मोजलेल्या व्होल्टेजला अर्थ नाही. गंजलेली तारसुद्धा बिनभाराची १२ व्होल्ट दाखवते.

एका गाडीत बॅटरीवर १४.१ होते आणि पंपावर ११.६. अडीच व्होल्ट वाटेत गायब. तुकड्यातुकड्याने मोजलं: रिलेच्या पॉइंटवर १.१, अर्थिंगला ०.९, उरलेले ०.५ वायर आणि कनेक्टरमध्ये. डिकीतल्या कार्पेटखाली अर्थचा बोल्ट गंजून तपकिरी झाला होता. रिले बदलला, बोल्ट घासून साफ केला, पंपावर १३.४ आले आणि गाडी पळाली. माझी मर्यादा सोपी आहे: पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट, अर्थिंगला त्याहून कमी. त्यापुढे गेलं की आधी वायरिंग. कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर मोजण्याआधीच उत्तर मिळालं.

काही जपानी टर्बो गाड्यांत पंपाला दोन वेग असतात: हलक्या भाराला रेझिस्टरमधून कमी व्होल्टेज, बूस्टला पूर्ण. पूर्ण वेगाचा रिले मेला तर गाडी आयडलला आदर्श आणि बूस्टला मढं. पंप बदलून काहीही होत नाही. आणि नव्या गाड्यांत पंप कंट्रोल मॉड्यूल पल्स देऊन चालवतो. तिथे मीटरवर दिसणारं ८-९ व्होल्ट ही सरासरी असते, घाबरू नका. पूर्ण भाराला ती वर जाते का ते बघा.

क्लॅम्प मीटरने अ‍ॅम्पिअरही टिपा. पुष्कळ साध्या पंपांना ४ ते ८ अ‍ॅम्पिअर लागतात. इथे माझ्या जुन्या सवयीने मला एकदा फसवलं. पाण्याच्या सेंट्रिफ्यूगल पंपाची डिलिव्हरी बंद केली तर अ‍ॅम्पिअर उतरतात. इंधन पंपाचे चढतात. म्हणजे पुढचा फिल्टर तुंबला तर करंट जास्त. खालची जाळी तुंबली, पंप हवा खातोय किंवा आतून झिजलाय, तर करंट कमी आणि डिस्चार्जही कमी. पूर्ण व्होल्टेज मिळूनही करंट सारखा हेलकावे खात असेल तर कार्बन ब्रश संपत आलेत.

आणि ती प्रसिद्ध युक्ती: सेल्फ मारताना टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके ठोके. त्याने गाडी चालू झाली तर ब्रश अडकतोय, पंप शेवटच्या घटका मोजतोय. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ठीक. इलाज नाही.

डायरेक्ट इंजेक्शन

इथे दोन पंप: टाकीतला ४ ते ६ बारचा, आणि कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर. आयडलला साधारण ५० बार, भाराला १५० ते २००, अगदी नव्या इंजिनांत ३५० पर्यंत. बाहेरून गेज लावण्याऐवजी स्कॅनरवर तीन आकडे नोंदवा: लो प्रेशर, हाय प्रेशरची मागणी, हाय प्रेशर प्रत्यक्ष. लो आधी पडला आणि मागून हाय, तर टाकीकडे जा. लो खंबीर आणि हाय एकटाच पडतोय, तर कॅमवरचा पंप, त्याचा फॉलोअर (कॅमचा रेटा पंपाला पोचवणारा भाग) किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. लो बाजूला सेन्सर नसेल तर गेज फक्त त्याच बाजूला जोडा. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आणि लेव्हल वाढलेली, तर हाय प्रेशर पंपाचं सील तपासा.

टाकी उघडल्यावर

व्होल्टेज पूर्ण, फिल्टर नवा, तरी माप कमी. आता उघडा, टाकी शक्य तितकी रिकामी असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून. नवा पंप हातात घेण्याआधी जुना जिथे बसलाय ती जागा नीट बघा. पंपापासून वरच्या झाकणापर्यंत एक आखूड नळी असते. ती चिरली किंवा क्लिप सैल झाली की पंप जोमाने पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरवत राहतो. बाहेर कुठेही थेंब नाही. नळी घेताना पेट्रोलमध्ये बुडून राहणारीच घ्या. बाहेरून लावायची साधी फ्यूल होज आत टाकली तर काही महिन्यांत लिबलिबीत होते. जाळी काळी, बुळबुळीत असेल तर टाकीचा तळ पुसून काढा, नाहीतर नव्या जाळीचीही तीच गत.

हे सगळं ठीक असेल तर पंप गेला. आता खुशाल बदला.

बसवताना झाकणाचं सील नवं घ्या. किल्ली तीनदा ऑन-ऑफ, टॉर्चने सगळे जोड बघा, मग चालू करा. आणि तिसऱ्या गिअरची तीच फेरी, तोच रस्ता, तोच वाचणारा माणूस. माझ्या गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणात आतून एक चिकटपट्टी लावलेली आहे, तिच्यावर पेनाने लिहिलंय: २.४, ३.०, ३.८, १.१५, ०.९५, १३.४. गाडी धडधाकट असताना घेतलेले आकडे.